मैदानात उतरण्याआधी रक्त तपासा

जालना जिल्ह्यातील गावोगावच्या शाळांत कबड्डी, खो-खोचा सराव सुरू झाला, की एखादी मुलगी लवकर धापा टाकू लागते. ‘दम कमी आहे’ म्हणत तिला आणखी पळवले जाते. पुष्कळदा कमी असते ते हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. स्नायूंना प्राणवायूच अपुरा मिळत असेल, तर जास्त सरावाने थकवाच वाढतो.

यासाठी नवी योजना नको. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. लोहाची साप्ताहिक गोळीही शाळेत मोफत मिळते. मात्र रक्तक्षय आढळल्यास ती पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचे उपचार लागतात.

बदल दोनच हवेत. मंठा, परतूर, घनसावंगीतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तपासणी त्याआधी व्हावी. आणि खेळाडूंचे हिमोग्लोबिन मोजून त्यांना चार प्रश्न विचारावेत: पळताना कधी शुद्ध हरपली का? छातीत दुखते का? घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले का? पाळीत रक्तस्राव जास्त होतो का? पहिल्या तीनपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर जिल्हा रुग्णालयात तपासणी होईपर्यंत खेळ थांबवावा.

पदक आणणाऱ्या लेकीचा सत्कार गाव करतेच. तिचे रक्त तपासले का, हेही गावाने विचारावे.