गावाची खतावणी



छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या रस्त्याला लागलेल्या प्रवाशाला आज ‘वाळूज’ म्हटले की कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, मालमोटारींच्या रांगा आणि पाळी सुटल्यावर रस्त्यावर उतरणारा कामगारांचा लोंढा आठवतो. गंगापूर तालुक्यातील त्याच नावाचे जुने गाव मात्र त्याच्या डोळ्यांपुढे सहसा येत नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला. पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर या शेजारच्या गावांचे रूपही तिने पालटून टाकले. ज्या काळ्या रानात बाजरी, तूर आणि कापूस उभा असे, तेथे आज पत्र्याच्या शेड आहेत. हा पालट एका माणसाच्या आयुष्यात झाला आहे. रान पाहिलेले वडीलधारे अद्याप आपल्यात आहेत आणि त्यांच्या नातवंडांना ते रान कोठे होते हे सांगूनही समजत नाही.

या महिन्यात वाचकांसमोर एक साधा विषय ठेवावयाचा आहे : आपल्या जुन्या गावाची छायाचित्रे काढणे. विषय छंदाचा वाटेल, पण मराठवाड्यातील व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने तो निकडीचा झाला आहे. आपल्यापैकी बहुतेकांची पेढी केव्हाच शहरात आली. गावाकडचे घर आणि दुकान भावाभावांच्या सामाईक मालकीचे राहिले, कुलूप लागले, पावसाने माळवद खचले. एके दिवशी वाटणी होते, घर विकले जाते. सागवानी खांब आणि तुळया जुन्या लाकडाचा व्यापारी घेऊन जातो, दगडी जोत्यावर नवी इमारत उभी राहते. व्यवहार म्हणून त्यात वावगे काही नाही. परंतु नंतर घरातील अल्बम उघडून पाहावेत. लग्नाचे, बारशाचे, पारण्याचे फोटो शेकड्यांनी सापडतात. प्रत्येकात माणसे घराकडे पाठ करून उभी असतात. घराचा, दुकानाचा, गल्लीचा म्हणून काढलेला एकही फोटो सापडत नाही. ज्या वास्तूत चार पिढ्या वाढल्या, ती केवळ मांडवाच्या कनातीमागे कोपऱ्यात डोकावते.

इतर देशांतही हा प्रसंग येऊन गेला आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर एकोणिसाव्या शतकात आजूबाजूची खेडी गिळत वाढले. तेथील सर बेंजामिन स्टोन हे काच-कारखानदार पुढे ब्रिटिश संसदेचे सभासद झाले. उद्योगाने पैसा मिळविलेल्या या गृहस्थांना, त्याच उद्योगाच्या रेट्यात जुनी खेडी, त्यांची चर्चे, घरे आणि जत्रांचे रिवाज नाहीसे होत आहेत, याची जाणीव होती. त्यांनी १८९७ साली राष्ट्रीय छायाचित्र नोंदीसाठी एक संस्था उभी केली आणि हौशी छायाचित्रकारांना आपापल्या परिसराची नोंद करावयास लावले. त्यांनी स्वतः जमविलेली आणि काढलेली हजारो छायाचित्रे आज बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात आहेत. कारखाना बंद करा, असे ते कधी म्हणाले नाहीत. जे जाणार आहे त्याची नोंद तरी राहू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वाळूजच्या परिसरात उद्योग-व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांना हे उदाहरण परके वाटू नये.

त्याहूनही जवळचे उदाहरण राजा दीनदयाळ यांचे. मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. वयाच्या तिशीत त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. आपला औरंगाबाद प्रांत तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी, बीबी का मकबरा यांची त्या काळातील सुंदर छायाचित्रे त्यांच्या कामातून आपल्याला मिळाली. काचेच्या जड पट्ट्या, तिपाई आणि मोठी पेटी घेऊन हे काम करावे लागे. एका दृश्यासाठी एक पट्टी खर्ची पडे. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी ते पुष्कळ वेळ पाहत असणार. आज खिशातील फोनवर क्षणात पन्नास फोटो निघतात आणि पाहणे मात्र राहून जाते.

दीनदयाळांच्या कामातील आणखी एक गोष्ट आपल्या व्यापारी मनाला पटेल. त्यांच्या पुष्कळ छायाचित्रांवर क्रमांक आणि स्थळाचे नाव नोंदलेले आढळते. म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही ती बोलतात. घराण्याकडे राहिलेल्या त्यांच्या २,८०० हून अधिक काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. नाव-क्रमांकाविना त्या केवळ काचेचा ढीग ठरल्या असत्या.

याच विचाराचा फार जुना पुरावा वेरूळच्या डोंगरावर आहे. तीस ते चौतीस क्रमांकांची जैन लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. इंद्रसभा आणि जगन्नाथसभा यांपुढे उभे राहून फोटोही काढले आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला डोंगरात भगवान पार्श्वनाथांची भव्य बैठी मूर्ती आहे. त्या मूर्तीच्या आसनावरील लेखात शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४-३५, असा काळ कोरलेला आहे आणि चक्रेश्वर या दात्याचे नाव, त्याच्या घराण्याच्या उल्लेखासह दिलेले आहे. खालच्या लेण्यांत अप्रतिम शिल्पे आहेत, पण त्यांतील बहुतेकांचे दाते कोण, हे आज कोणी सांगू शकत नाही. वरच्या मूर्तीचा दाता जवळजवळ आठशे वर्षांनंतरही आपल्याला नावानिशी ठाऊक आहे, कारण कोणीतरी चार ओळी कोरून ठेवल्या. छायाचित्राखाली लिहिलेली तारीख, स्थळ आणि नाव यांचे मोल एवढे आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर फोटो म्हणजे रोजमेळातील नोंद आणि त्याखालील मजकूर म्हणजे खतावणी. रोजमेळ भरला, पण रक्कम कोणत्या खात्याची हे लिहिले नाही, तर वर्षअखेर ताळा कसा लागावा? फोनमध्ये साठलेल्या हजारो फोटोंची आज अशीच अवस्था आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गाव टिपण्यास निघताना आधी प्रसिद्ध वास्तू आठवतात. देवगिरीचे फोटो जगभर आहेत. आपल्या गावच्या वेशीचा फोटो आपण काढला नाही तर दुसरे कोणी काढणार नाही. म्हणून आरंभ वेशीपासून करावा. मग चावडी, मारुतीचे देऊळ आणि त्यापुढील पार, पाण्याची जुनी बारव किंवा आड, बाजाराची जागा, जिनमंदिर, मशीद, दर्गा, शाळा, स्मशानाची वाट. प्रत्येक ठिकाणी प्रथम दुरून एक फोटो घ्यावा, ज्यात आजूबाजूची घरे आणि रस्ता येईल. मग जवळून एक. शेवटी तपशिलाचे : चौकटीवरील नक्षी, कडी-कोयंडा, पायरीवरील अक्षरे. केवळ नक्षीचा सुंदर फोटो काढला आणि ती कोणत्या दाराची हे कळले नाही, तर उद्याच्या वाचकाला त्याचा उपयोग नाही.

घराच्या आत ढाळजेपासून सुरुवात करून उजव्या हाताने एकेक खोली घ्यावी. खोलीच्या एका कोपऱ्यात उभे राहून समोरचा कोपरा टिपला की जागेचा अंदाज येतो. देवळ्या, कोनाडे, धान्याचे बळद, चूल, माळवदावर जाण्याचा जिना आणि लादणी वगळू नयेत. दुकानाच्या दाराच्या फळ्या, गादीची जागा, गल्ला, तराजू आणि मापे यांचेही फोटो घ्यावेत. माप कळावे म्हणून वस्तूशेजारी पट्टी किंवा ओळखीची एखादी वस्तू ठेवावी.

प्रकाशाचे भान ठेवावे. आपल्या भागातील काळा पाषाण दुपारी बाराच्या उन्हात सपाट दिसतो, पांढऱ्या चुन्याची भिंत डोळे दिपवते. हिवाळ्यातील सकाळी, तिरप्या उन्हात, पायरीवरील झिजलेली अक्षरेसुद्धा वाचता येतात. रानाचे फोटो मात्र एकाच ऋतूत काढून भागत नाही. एकाच बांधावर उभे राहून आषाढात, कार्तिकात आणि चैत्रात असे तीन फोटो काढावेत. काळी ओली जमीन, उभे पीक आणि भेगाळलेले रान अशी शिवाराची तिन्ही रूपे त्यांत येतील. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिपाई लावण्यास परवानगी लागते, हे ध्यानी ठेवावे. देवळात, दर्ग्यात आणि लोकांच्या दारात विचारल्यावाचून कॅमेरा उघडू नये.

येथे एक नाजूक गोष्ट मोकळेपणाने मांडली पाहिजे. व्यापारी कुटुंबाने काढलेले गावाचे फोटो सहज आपल्याच गल्लीत अडकून पडतात. पेढी, वाडा, मंदिर एवढेच गाव नव्हते. दुकानात पोती उचलणारे हमाल, माल आणणारा शेतकरी, सुतार-लोहाराची शाळ, गावकुसाबाहेरची वस्ती यांच्यावाचून आपली पेढी एक दिवसही चालली नसती. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या संमतीने, त्यांचेही फोटो घ्यावेत आणि एक छापील प्रत त्यांना आवर्जून द्यावी. जुन्या वह्या टिपताना तर अधिक जपावे. वहीचे पुठ्ठे, मुडी लिपीतील पहिले पान, पूजेचे स्वस्तिक यांचे फोटो सर्वांना दाखवावेत. ज्या पानांवर उधारी आणि नावे आहेत ती घरातच राहू द्यावीत. कोणाच्या आजोबांचे कर्ज आपल्या समूहात फिरणे हा विश्वासाचा भंग आहे. वाळूजसारख्या गावी तर आजचेही टिपावे : कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, पाळीची बस, आषाढी एकादशीला छोट्या पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्या. पन्नास वर्षांनी हाच इतिहास होणार आहे.

जतनाविषयी शेवटचा शब्द. रॉबर्ट गिल या ब्रिटिश अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात अनेक वर्षे घालविली. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. वर्षानुवर्षांचे श्रम एका छताखाली ठेवले म्हणून एका आगीत संपले. आपणही सर्व फोटो एकाच फोनमध्ये ठेवतो. म्हणून तीन प्रती कराव्यात : एक घरच्या संगणकावर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे किंवा लेकीकडे आणि निवडक पन्नास-साठ फोटोंची एक प्रत चांगल्या कागदावर छापून. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने स्थळ, तारीख, दिसणाऱ्या व्यक्ती आणि फोटो काढणाऱ्याचे नाव लिहावे.

हे सारे करूनही फोटो म्हणजे घर नव्हे. ज्यांना वाडा दुरुस्त करून राखणे शक्य आहे, त्यांनी तो राखावा, हेच उत्तम. पण वाटणीचे कागद तयार होत असतील, तर सही होण्यापूर्वी एक दिवस सर्व भावांनी मुलाबाळांसह गावी जावे. घरातील सर्वांत वडील व्यक्तीला खोल्याखोल्यांतून हिंडवावे, ती काय सांगते ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि नातवंडांच्या हाती कॅमेरा द्यावा. कोणती खोली बाळंतिणीची, कोणत्या कोनाड्यात दिवा असे, महाराज साहेबांचा मुक्काम झाला तो कोणत्या ओसरीवर, हे सांगणारे माणूस घराहूनही आधी जाते.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ कुटुंबे गावी एकत्र येतील. त्या दिवसांत चोपडी-पूजन होईल, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष लागेल. त्याच मुहूर्तावर नव्या वहीचे एक पान गावासाठी राखून ठेवावे. पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात स्थळ, तिसऱ्यात तारीख, चौथ्यात सांगणाऱ्याचे नाव. पाडव्याच्या सकाळी ऊन तिरपे असतानाच पहिली नोंद वेशीची व्हावी.