मुसोलिनीचा करंडक

फुटबॉल विश्वचषकाच्या नोंदीत १९३४ या वर्षासमोर इटलीचं नाव आहे. ते कुणी खोडलेलं नाही आणि खोडण्याचं कारणही नाही. तरी नव्वद वर्षं उलटून गेल्यावरही त्या विजयाचा विषय निघाला की खेळाडूंच्या आधी मुसोलिनीचं नाव निघतं. एखाद्या संघाचं याहून मोठं नुकसान ते काय?

ही दुसरीच स्पर्धा. १९३०ची पहिली स्पर्धा उरुग्वेत झाली, तेव्हा इटलीसह युरोपातले बहुतेक देश तिकडे फिरकले नव्हते. त्या रागातून विजेता उरुग्वे १९३४मध्ये इटलीत आलाच नाही. मुसोलिनीच्या राजवटीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला जगासमोर फॅसिस्ट इटलीची ताकद मिरवायची होती. अंतिम सामना रोममधल्या ज्या मैदानावर झाला, त्याला चक्क फॅसिस्ट पक्षाचं नाव होतं. फुटबॉल महासंघाचा प्रमुख जॉर्जिओ वाकारो फॅसिस्ट मिलिशियातला अधिकारी होता. विश्वचषक कमी पडला की काय, म्हणून विजेत्यासाठी मुसोलिनीच्या नावाचा आणखी एक करंडक घडवला गेला. तो मूळ चषकाहून कितीतरी मोठा होता!

आता सामने पाहू. फ्लॉरेन्समध्ये स्पेनशी झालेली लढत धसमुसळी होती, ती १-१ अशी सुटली. दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा खेळवली गेली. स्पेनचा नावाजलेला गोलरक्षक झामोरा त्यात उतरू शकला नाही आणि इटली १-० जिंकली. पंचांच्या निर्णयांवर टीकेची झोड उठली. उपांत्य फेरीत ऑस्ट्रियाविरुद्ध आणि अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध पंच एकच होते, स्वीडनचे इव्हान एकलिंड. ते मुसोलिनीला भेटले होते, अशी वदंता आजही सांगितली जाते. ठोस पुरावा कुणी दिलेला नाही.

काही जण म्हणतात, यजमान देशाला झुकतं माप मिळतंच, त्यात नवल काय? हा युक्तिवाद मला पटत नाही. जिथे वर्तमानपत्रं मोकळी असतात, तिथे पंचावर टीका होते, चौकशीची मागणी होते आणि आरोप खोटा असेल तर तो गळूनही पडतो. इटलीत वर्तमानपत्रं सरकारच्या मुठीत होती. प्रश्न विचारायलाच बंदी असली की निर्दोष माणसालाही आपलं निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही. म्हणून संशय तसाच राहिला, पिढ्यानपिढ्या.

खरं तर संघ तगडा होता. प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोझ्झो यांच्याच हाताखाली इटलीने १९३६मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलं आणि १९३८चा विश्वचषक फ्रान्सला जाऊन जिंकला. १९३४च्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाने आघाडी घेतली होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना ओर्सीने बरोबरी साधली आणि जादा वेळेत स्कियाव्हिओने विजयी गोल केला. हे पाय त्या खेळाडूंचे होते, हुकूमशहाचे नव्हेत. स्पेन किंवा ऑस्ट्रियाला लुटलं की नाही, यावर वाद होत राहील. पण मुसोलिनीने आपल्याच खेळाडूंचा विजय लुटला, यात मला शंका नाही.

विजयाला देशाचा गौरव म्हणणाऱ्या या राजवटीने माणसांचं काय केलं? ऑस्ट्रियाविरुद्धचा एकमेव गोल एन्रिके ग्वाइताचा. तो जन्माने अर्जेंटिनाचा, पण पूर्वज इटालियन, म्हणून तेव्हा तो ‘आपला’ होता. १९३५मध्ये इथिओपियावरच्या युद्धाला पाठवतील या धास्तीने त्याने इटली सोडली. स्कियाव्हिओ ज्या बोलोन्या क्लबचा, त्याला अर्पाद वाइस यांनी दोनदा इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं. वाइस हंगेरीचे ज्यू. १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना देश सोडायला लावला. पत्नी आणि दोन मुलं ऑशविट्झमध्ये मारली गेली. १९४४मध्ये वाइस यांनीही तिथेच प्राण सोडला.

खेळाडू आपल्या देशासाठी खेळतो, त्यात गैर काही नाही. पण मैदानावरचा विजय सत्ताधारी स्वतःच्या नावावर चढवू लागले, तर टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारावा: या जल्लोषात कोणाला ‘आपलं’ मानलं जातंय, आणि उद्या कोणाला बाहेर काढलं जाणार आहे?