कडी आणि कुलूप

मराठीत कडी वेगळी आणि कुलूप वेगळं. कडी वाऱ्यासाठी, मांजरासाठी. कुलूप माणसासाठी. हा फरक मुद्दाम सांगतोय, कारण अमेरिकेतल्या मोटरहोमवाल्यांना कुलूप म्हणून वर्षानुवर्षं कडीच विकली गेली आहे, असं माझं मत झालं आहे.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, पलंग, न्हाणीघर, सगळं आत. तिकडे राहणारे माझे जावई सुट्टीत अशी गाडी काढतात, म्हणून तिची मला ओळख. गाडीच्या बाहेरच्या अंगाला, खाली, सामानाचे कप्पे असतात. पाण्याचे पाइप, विजेची जाड केबल, हत्यारं, घडीच्या खुर्च्या त्यांत राहतात. प्रत्येक कप्प्याच्या दाराला एक छोटं गोल कुलूप. त्याच्या चावीवर नंबर असतो, आणि बऱ्याच गाड्यांवर तो एकच असतो : सीएच ७५१. कारखाने निरनिराळे, चावी तीच. दुकानात ती सुटीही मिळते, कोणालाही. म्हणजे मुक्कामाच्या जागी शेजारी उभ्या असलेल्या गाडीची चावी तुमच्या कप्प्याला सहज लागू शकते. काही गाड्यांत तर कप्प्यातून थेट आतल्या पलंगाखाली हात पोचतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, दार पातळ आहे, चोर ते पहारीनंही उचकटेल. खरं आहे. पण उचकटलेलं दार बोलतं. चावीनं उघडून पुन्हा लावलेलं दार गप्प बसतं. वस्तू गेल्याचं महिन्यानं कळतं, आणि मग घरातच एकमेकांवर संशय सुरू होतो.

विकणाऱ्याची बाजूही समजते. आवारात गाड्यांची रांग, एका चावीनं सगळे कप्पे उघडतात, केवढी सोय! पण सोय त्यांची आणि जोखीम आपली, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला नको का?

उपाय अवघड नाही. दार उघडलं की कुलपाच्या मागच्या टोकाला एक धातूची पट्टी दिसते. चावीबरोबर तीच फिरते आणि चौकटीमागे अडकते. तिचा स्क्रू काढावा, मग मोठा नट सोडवावा. कुलूप पुढून हातात येतं. नवं घेताना लांबी जुन्याशी जुळवावी, पट्टी सरळ की वाकडी तेही पाहावं. सगळ्या कप्प्यांना एकच चावी, पण नंबर वेगळा, असे संच मिळतात, ते घ्यावेत. बसवल्यावर दार कडेच्या रबरावर नीट टेकलं पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. फारच घट्ट झालं तर चावीवर जोर येऊन ती मोडते. अशा वेळी तळव्यानं दार आत दाबून मग चावी फिरवावी. तेल घालू नये, त्यावर धूळ बसते. ग्रॅफाइटची पूड बरी.

माझी मागणी लहान आहे. कारखान्यांनी प्रत्येक गाडीला निराळी चावी द्यावी. परवडत नसेल तर त्या वस्तूला कुलूप म्हणू नये. तोवर, ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्या मंडळींनी आपल्या चावीवरचा नंबर एकदा वाचून पाहावा.