राजीनामा मागे घ्या!

दीर्घकाळ सत्ता भोगलेला राज्यकर्ता जनआंदोलनापुढे नमून पायउतार झाला, की मागे राहिलेली जनता पुढच्या काही तासांत कशी वागते, हा विषय राज्यशास्त्राच्या ग्रंथांत सहसा तळटीपेत ढकलला जातो. कारण ग्रंथकारांचे लक्ष घटनेच्या कलमांकडे, लष्कराच्या हालचालींकडे आणि नव्या मंत्रिमंडळाच्या यादीकडे असते आणि जनता त्या वेळी बदके काखोटीला मारून घरी निघालेली असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात हेच घडले. सलग पंधरा वर्षे आणि त्याआधीची एक कारकीर्द धरता एकूण वीस वर्षे पंतप्रधानपदी राहिलेल्या शेख हसीना यांनी सोमवारी, ५ ऑगस्ट २०२४ रोजी राजीनामा दिला आणि देश सोडून त्या दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर उतरल्या. स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना सरकारी नोकऱ्यांत असलेल्या तीस टक्के राखीव जागांविरुद्ध विद्यार्थ्यांनी सुरू केलेले आंदोलन, सर्वोच्च न्यायालयाने त्या जागा पाच टक्क्यांवर आणूनही शमले नाही, कारण तोवर शेकडो माणसे मारली गेली होती आणि मागणी एकच उरली होती. गुरुवारी महंमद युनूस यांच्या नेतृत्वाखालील हंगामी सरकारचा शपथविधी झाला. इतका तपशील पुरे.

पंतप्रधानांच्या 'गणभवन' या निवासस्थानात शिरलेल्या लोकांनी खुर्च्या, साड्या, मासे, शेळ्या आणि बदके नेल्याची दृश्ये मंगळवारी सकाळपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापुरात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येऊन पोहोचली होती. या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच, की येथील समाजशास्त्राचा बहुतेक कच्चा माल मलकापूरच्या एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवरून उचललेला असतो. तेव्हा तेथील प्रतिक्रियांची नोंद घेणे क्रमप्राप्त आहे. भाताची रोपलावण उरकत आलेली आणि पावसाने उघडीप न दिलेली असल्यामुळे टपरीवर मनुष्यबळ भरपूर होते. त्यात तीन पक्ष स्पष्ट दिसत होते. तरुणांच्या पक्षाचे म्हणणे, "आपल्यात बी असंच व्हायला पायजे." दुसरा पक्ष व्यवहारी होता आणि सीमेवर अडकलेल्या नाशिककडच्या कांद्याच्या गाड्यांचे काय होणार, कांद्याचा दर पडणार की चढणार, यापलीकडे त्याला बांगलादेशाशी कर्तव्य नव्हते. तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा पक्ष बदकावर हसत होता. "राज्य गेलं आन् ह्यानं बदक न्हेलं," हा त्या पक्षाचा जाहीरनामा.

या हसण्याने प्रस्तुत सदर किंचित चिडलेले आहे. त्याच सोमवारी शेख मुजीबुर रहमान यांचा पुतळा फोडला गेला, हसीना यांच्या अवामी लीगच्या कार्यकर्त्यांची घरे पेटली, अल्पसंख्य हिंदूंच्या घरांवर हल्ले झाले. हसण्याजोगी बाब त्यात बदकापुरतीच होती आणि तीही वाटते तितकी हसण्याजोगी नव्हती. ज्या कुंपणाजवळ पंधरा वर्षे उभे राहू दिले गेले नाही त्या कुंपणाच्या आत पाय पडल्यावर माणूस मौल्यवान वस्तू शोधत बसत नाही, हाताला लागेल ते उचलतो, आणि घरी गेल्यावर 'आपण खरोखर आत गेलो होतो' हे शेजाऱ्यांना पटवून द्यायला बदकही चालते. कायद्याच्या दृष्टीने ही चोरी आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु जुलै २०२२ मध्ये कोलंबोत गोटाबाया राजपक्षे यांच्या निवासस्थानात शिरलेले लोक तर राष्ट्राध्यक्षांच्या तलावात पोहले, त्यांच्या पलंगावर लोळले, त्यांच्या व्यायामशाळेत घाम गाळून आले आणि तेथे सापडलेली सुमारे पावणेदोन कोटी श्रीलंकी रुपयांची रोकड मात्र त्यांनी मोजून पोलिसांच्या हवाली केली. ढाक्यातही पुढच्या दोन-तीन दिवसांत नेलेल्या काही वस्तू परत आल्या, आणि पोलीस चौकी सोडून पसार झालेले असताना चौकाचौकांत उभे राहून वाहतूक सांभाळली ती विद्यार्थ्यांनीच. टपरीवरच्या हसणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की आपल्याकडच्या एखाद्या मंत्र्याच्या बंगल्याचे फाटक असे अवचित उघडले, तर तेथून बदक घेऊन परतणारा गृहस्थ तालुक्यातील सज्जनांत मोजावा लागेल.

तथापि तरुणांच्या 'आपल्यात बी' या मागणीचा विचार अधिक गांभीर्याने करणे भाग आहे, कारण महाराष्ट्राचा इतिहास तिला अजिबात अनुकूल नाही. या राज्यात सलग सर्वाधिक काळ मुख्यमंत्री राहिले ते वसंतराव नाईक, डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक. त्यांच्या अखेरच्या वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, मराठवाड्यात विकासाच्या प्रश्नावर आंदोलन पेटले. आणि शेजारच्या गुजरातेत नवनिर्माण आंदोलनाने चिमणभाई पटेल यांना फेब्रुवारी १९७४ मध्ये राजीनामा द्यायला लावला, हेही लोकांच्या डोळ्यांसमोर होते. तरीही नाईक गेले ते आणखी वर्षभराने, आणि त्यांच्या जाण्याचा निर्णय रस्त्यावर झाला नाही, दिल्लीत झाला. त्यानंतरचे मुख्यमंत्री न्यायालयाच्या ताशेऱ्यांनी गेले, आमदार फुटल्याने गेले, श्रेष्ठींच्या दूरध्वनीने गेले किंवा दिल्लीस बढती मिळाल्याने गेले. जनतेला प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले.

अपवाद म्हणावा असा प्रसंग एकच, नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतरचा. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १ डिसेंबरला राजीनामा दिला, ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियासमोर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले आणि त्याच आठवड्यात विलासराव देशमुख यांनाही पद सोडावे लागले. त्या संतापाचे आयुष्य किती, हे तपासण्यासाठी पुढची दिनदर्शिका पाहावी: मे २००९ मध्ये देशमुख केंद्रात मंत्री झाले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये पाटील पुन्हा त्याच गृहखात्यात परतले. राजपक्षेही सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोत परत आले, पण त्यांना निदान खुर्ची मिळाली नव्हती.

महाराष्ट्रात रूढ असलेला प्रकार याच्या नेमका उलटा आहे, आणि तो जगाच्या राज्यशास्त्रास या भूमीने दिलेले योगदान मानावयास हरकत नाही. इतरत्र आधी आंदोलन होते आणि नंतर राजीनामा येतो. येथे आधी राजीनामा येतो आणि तो मागे घ्यावा म्हणून आंदोलन होते. जुलै १९९२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी कुटुंबासह संघटना सोडत असल्याचे 'सामना'तून जाहीर केले तेव्हा शिवसैनिकांचे लोंढे मुंबईत उतरले आणि घोषणा मागे घेतली गेली. याचा पूर्ण विकसित नमुना मात्र २ मे २०२३ चा. त्या दिवशी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये 'लोक माझे सांगाती' या आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीच्या प्रकाशनात शरद पवार यांनी, पक्षाच्या १९९९ मधील स्थापनेपासून स्वतःकडे असलेले राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडत असल्याचे सांगितले, आणि सभागृहाचे रूपांतर काही क्षणांत शोकसभेत झाले. जयंत पाटील यांना बोलताना हुंदका आवरेना. कार्यकर्ते व्यासपीठाला वेढा घालून बसले. निर्णय मागे घेतल्याशिवाय हलणार नाही, अशा घोषणा सुरू झाल्या. निर्णय मान्य करा, असे कार्यकर्त्यांना बजावणारे अजित पवार हे त्या गर्दीत जवळजवळ एकटेच होते. दुसऱ्या दिवशी जितेंद्र आव्हाड यांनी स्वतःच्या पक्षपदाचा राजीनामा दिला, म्हणजे राजीनाम्याच्या निषेधार्थ राजीनामा, आणि त्यांच्यापाठोपाठ ठाण्यातील पदाधिकाऱ्यांचेही राजीनामे आले. ५ मे रोजी नव्या अध्यक्षाच्या निवडीसाठी नेमलेल्या समितीने राजीनामाच नामंजूर केला, तसे प्रफुल्ल पटेल यांनी पत्रकारांना सांगितले, आणि त्याच संध्याकाळी पवारांनी तो मागे घेतला. राजीनाम्याच्या घोषणेनंतर बरोबर दोन महिन्यांनी, २ जुलैला, अजित पवार राजभवनात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेत असताना प्रफुल्ल पटेल त्यांच्यासोबत होते आणि शपथ घेणाऱ्यांत कागलचे हसन मुश्रीफही होते.

यावरून ते अश्रू खोटे होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो बरोबर नाही. अश्रू खरेच होते. फक्त ते कोणासाठी होते, याविषयी पाहणाऱ्यांची गल्लत झाली. शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यात 'नेता' या संज्ञेचा अर्थ विचारसरणीचा प्रवक्ता असा होत नाही. जातीचा दाखला अडला, मास्तरची बदली वाडीवस्तीवर झाली, उसाची तोड लांबली, कोल्हापूरच्या दवाखान्यात खाट मिळेना किंवा पोराला पोलीस ठाण्यात बसवून ठेवले, तर ज्याच्याकडे जाता येते तो नेता. त्याने राजीनामा दिला, तर पहिला प्रश्न 'आता लोकशाहीचे काय' हा नसतो, 'आता कुणाकडं जायचं' हा असतो. वीस-वीस वर्षे एका उंबऱ्यावर घासलेली चप्पल नव्या उंबऱ्यावर घासायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून ओळख, पुन्हा हारतुरे, पुन्हा 'तुम्ही कोणाचे' या प्रश्नाला उत्तर. २ मेचे अश्रू आणि २ जुलैची शपथ यांत म्हणूनच विसंगती नाही. उंबरा जाऊ नये यासाठी रडणारे आणि दुसरा उंबरा तयार दिसताच तेथे पोहोचणारे लोक एकाच गरजेने हलत असतात.

मलकापूरला हे नवीन असण्याचे कारण नाही. १८४४ मधील गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाचे तट पाडले आणि तेथील जहागीरदार असलेल्या पंतप्रतिनिधींचे ठाणे खाली मलकापुरात आले. राज्यकर्ता जागेवरून उठला तरी त्याच्यामागे अर्ज घेऊन चालणारी माणसे नव्या पत्त्यावर पोहोचली. (मलकापूर म्हटल्यावर बुलढाण्याचे की कऱ्हाडजवळचे, असे विचारणाऱ्या परगावच्या वाचकांनी आंबा घाटाकडे जाणारी गाडी धरावी.) कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले; त्याआधी माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेने जबाबदार राज्यपद्धतीसाठी वर्षानुवर्षे लढा दिला होता. त्याच कोल्हापूरने विलीनीकरणाला पंचाहत्तर वर्षे झाली त्या साली, २०२४ च्या जूनमध्ये, राजघराण्यातील शाहू छत्रपतींना मोठ्या मताधिक्याने लोकसभेत पाठवले. बागल आज असते तर काय म्हणाले असते, हा प्रश्न येथे सोडून दिलेला बरा.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर राजीनामा हा शब्द उच्चारला, की ढाका कोठल्या कोठे राहते. पॅनेल निवडून येते तेव्हाच उपसरपंचपद वर्षावर्षाने वाटून घ्यायचे ठरते आणि ग्रामदैवतापुढे बेल-भंडारा उचलला जातो, म्हणजे बेलाचे पान व हळदीचा भंडारा हातात घेऊन शब्द मोडणार नाही अशी शपथ होते. वर्ष संपते. पहिला उपसरपंच म्हणतो, श्रावण जाऊ दे; मग म्हणतो, गणपती होऊ देत; मग दसरा, मग दिवाळी, मग पोरीचे लग्न, आणि लग्नपत्रिकेवर 'उपसरपंच' छापले जाते. दुसऱ्या इच्छुकाचा धीर सुटला, की सदस्य अचानक सहलीवर रवाना होतात आणि अविश्वास ठरावासाठी डोकी मोजली जातात. मागे कोल्हापूर महापालिकेत लाचेचा आरोप होऊनही महापौरांनी २०१५ मध्ये कित्येक महिने राजीनामा दिला नाही आणि आंदोलने होत राहिली, तेव्हा जिल्हाभर आश्चर्य व्यक्त झाले. गावगाड्यात मुरलेल्यांना मात्र त्यात काही विशेष वाटले नाही.

तेव्हा टपरीवरील तरुणांनी राजीनामा मागण्यापूर्वी तो कोणाकडे द्यायचा असतो, हे वाचून ठेवावे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार उपसरपंच आपला राजीनामा सरपंचाकडे देतो आणि सरपंच पंचायत समितीच्या सभापतीकडे. राजीनामा खरा की खोटा असा वाद झाला, तर सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते, कारण हा वाद होणारच हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांच्या ध्यानात एकच गोष्ट आली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये, निवडणुका रखडल्यामुळे, कोल्हापूर महापालिका नोव्हेंबर २०२० पासून, आणि मलकापूरची नगरपरिषद तिची मुदत संपल्यापासून, प्रशासकाच्या हाती होती; आणि शाहूवाडी पंचायत समितीला मार्च २०२२ पासून सभापतीच नव्हता.