आधी भरपाई, मग वसुली

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुले २०२५ साली मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. चालते ते जेमतेम ०.१ टक्का. सरकारने कुटुंबांना प्रत्येकी ४ लाख रुपये जाहीर केले. ही झाली मेहेरबानी. हक्क म्हणून मागायला गेले तर औषध कायद्याच्या कलम २७ मध्ये भेसळयुक्त औषधाने मृत्यू झाल्यास किमान १० लाखांचा दंड आहे आणि तो पीडिताच्या नातलगाला द्यावा, असेही लिहिले आहे. मात्र आधी गुन्हा शाबित व्हायला हवा, मग दंड वसूल व्हायला हवा. तोवर डायलिसिसचे बिल कोणी भरायचे? गंमत अशी, की औषधाच्या चाचणीत सहभागी झालेला माणूस चाचणीमुळे दगावला, तर २०१९च्या नियमांनुसार नियामकाच्या आदेशानंतर ३० दिवसांत भरपाई द्यावी लागते. दुकानातून रीतसर परवान्याचे औषध घेणाऱ्याला असे काहीच नाही.

सरकारने आधी भरपाई द्यावी म्हटले, की गुन्हा कंपनीचा, मग भुर्दंड करदात्याला का, असे विचारले जाते. पण बाटलीवरचा परवाना क्रमांक सरकारने दिलेला असतो आणि घरी औषध तपासायची सोय कोणाकडेच नसते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाने भेसळ झालेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले, तेव्हा न्या. लेंटिन आयोगाने उत्पादकाबरोबर अन्न व औषध प्रशासनालाही दोषी धरले होते. जम्मूतल्या रामनगरला २०१९-२०च्या हिवाळ्यात अशाच औषधाने मुले गेली. मानवी हक्क आयोगाने सुचवलेले कुटुंबामागे अवघे ३ लाख रुपये टाळायला तिथले प्रशासन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. तो खटला लढवायला करदात्याचा पैसा चालला!

प्रत्येक दुष्परिणामाचे पैसे मागितले जातील, ही भीती मात्र अगदीच पोकळ नाही. जपानने तिच्यावर १९८० पासून तोडगा काढला आहे: उत्पादकांच्या वर्गणीतून निधी उभा करायचा आणि योग्य रीतीने घेतलेल्या औषधाने गंभीर इजा झाली, तर दोष कोणाचा हे न विचारता त्यातून पैसे द्यायचे. भेसळीचे प्रकरण तर याहून सोपे आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आला की सरकारने रक्कम द्यावी आणि कंपनीची मालमत्ता जप्त करून वसूल करावी. केंद्राने औषध कायद्यात ही दुरुस्ती येत्या अधिवेशनात आणावी.