शास्त्र कीं खातें?

ज्या घरांतून मुलामुलींच्या परदेशांतील शिक्षणाची वाटाघाट चालते, तेथें हल्लीं अमेरिकन कॉलेजांचीं माहितीपत्रकें चाळतांना एका विषयाच्या नांवापाशीं वडील मंडळी थबकतात. तें नांव 'होमलँड सिक्युरिटी'. वैद्यक समजतें, यंत्रशास्त्र समजतें, संगणकाचें शास्त्र आतां आजीबाईंनाहि नांवानें परिचित झालें आहे. परंतु 'स्वदेशरक्षण' हा पदवीचा विषय कसा व्हावा, हें कोडें त्यांस सुटत नाहीं. रक्षण हें सैन्याचें व पोलिसांचें काम. त्याचा वर्ग कोठून आला? प्रश्न आम्हांस रास्त वाटतो, व या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या जुन्या ग्रंथकारांची एक रीत होती. शास्त्राच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगावयाचें: विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशीं संबंध काय, आणि अधिकारी कोण. या नव्या शास्त्रास हेच प्रश्न विचारले असतां त्याची खरी अवस्था उमगते. त्यांत विषयाचा प्रश्न सर्वांत बिकट असल्यामुळें बरीचशी जागा त्यासच द्यावी लागेल.

प्रथम जन्मकथा. ११ सप्टेंबर २००१ रोजीं पळविलेलीं विमानें न्यूयॉर्कच्या दोन मनोऱ्यांवर व वॉशिंग्टनजवळील पेंटॅगॉनवर आदळलीं, चौथें पेन्सिल्व्हेनियांत कोसळलें, आणि सुमारें तीन हजार माणसें एका सकाळीं प्राणांस मुकलीं. स्वदेशरक्षणाची स्वतंत्र यंत्रणा उभारा, अशी सूचना हार्ट व रडमन या माजी सिनेटरांच्या मंडळानें त्याच वर्षाच्या आरंभीं केली होती. ती अमलांत आली ती अनर्थ ओढवल्यावर. नोव्हेंबर २००२ मध्यें कायदा झाला, आणि १ मार्च २००३ पासून २२ निरनिराळ्या कचेऱ्या एकत्र आणून नवें खातें सुरू झालें. हें आपल्या गृहखात्यासारखेंच असेल अशी वाचकांची समजूत होण्याचा संभव आहे. ती बरोबर नव्हे. गुन्ह्यांचा तपास करणारी एफ.बी.आय. न्यायखात्याकडेच राहिली. नव्या खात्यांत आले ते किनारारक्षक, जकात, सरहद्द, विमानतळावरील झडती, राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक, आणि पूर-वादळांत मदतीस धांवणारी 'फेमा'. ज्या आजीबाई नातवाच्या बारशाकरितां अमेरिकेस जाऊन आल्या, त्यांचा या खात्याशीं परिचय आहेच. पारपत्र तपासणारा अधिकारी त्याचाच, आणि २०२५ सालीं नियम उठेपर्यंत पुष्कळ वर्षें पायांतील जोडा काढावयास लावणाराहि त्याचाच.

खातें झालें कीं माणसें लागतात, व माणसांना शिकविणारे लागतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉन्टेरे येथें अमेरिकन नौदलाचें एक पदव्युत्तर विद्यालय आहे. तेथें २००२ सालीं या विषयाचें केंद्र निघालें व २००३ सालीं एम.ए.चा पहिला वर्ग बसला. विद्यार्थी कोण? कोणी आगीच्या बंबखान्याचा प्रमुख, कोणी पोलीस अधिकारी, कोणी सार्वजनिक आरोग्याचा अंमलदार. दीड वर्षाचा अभ्यासक्रम. प्रत्येक सत्रांत दोन आठवडे प्रत्यक्ष राहावयाचें, उरलेला अभ्यास आपापली नोकरी संभाळून दूरस्थ करावयाचा, व शेवटीं बहुधा आपल्याच खात्यांतील एखाद्या अडचणीवर प्रबंध लिहावयाचा. केंद्रानें आपला पाठ्यक्रम इतर विद्यापीठांस विनामूल्य देऊं केला. २००५ सालीं या विषयाचें स्वतंत्र नियतकालिकहि निघालें. त्याच वर्षीं मेरीलँड विद्यापीठांत दहशतवादाच्या अभ्यासाचें केंद्र सरकारी द्रव्यानें उभें राहिलें. पुढें शेकडो कॉलेजांनीं या नांवाचे वर्ग काढले, त्यांत घरबसल्या पदवी देणारीं कॉलेजें पुष्कळ. आमच्या मतें एवढ्या त्वरेनें कोणतेंहि शास्त्र पिकत नाहीं. नांव मात्र पिकतें.

आतां विषय. पहिलें उत्तर सोपें होतें: दहशतवाद. परंतु २९ ऑगस्ट २००५ रोजीं 'कॅटरिना' नांवाचें तुफान लुइझियानाच्या किनाऱ्यावर येऊन थडकलें, न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, शहराचा बहुतेक भाग पाण्याखालीं गेला, आणि या आपत्तींत हजाराहून अधिक माणसें मेलीं. तेव्हां 'फेमा' नव्या खात्यांत येऊन अडीच वर्षें झालीं होतीं. सगळें लक्ष घातपात्याकडे लावून तुम्हीं वारा आणि पाणी यांचा विसर पडूं दिलात, असा ठपका टीकाकारांनीं खात्यावर ठेवला. २००६ सालीं कायदा सुधारावा लागला, व वर्गांतहि अभ्यासक्रमाची पुनर्रचना झाली. २००८ सालीं मॉन्टेरे येथील एक अध्यापक ख्रिस्तोफर बेलाव्हिटा यांनीं एक लेख लिहून या शास्त्राच्या विषयाच्या तब्बल सात व्याख्या मांडून दाखविल्या. एकीप्रमाणें विषय केवळ दहशतवाद. दुसरीप्रमाणें सर्व संकटें. शेवटचीप्रमाणें तर सुरक्षेच्या नांवाखालीं नागरिकांच्या स्वातंत्र्यावर येणारें आक्रमण हेंच तिचें खरें स्वरूप. स्वतःच्याच घरांतील हा मतभेद इतक्या मोकळेपणानें मांडणें आम्हांस कौतुकास्पद वाटतें.

शास्त्रांच्या गणनेचा वाद आपल्याकडेहि जुना आहे. आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता व दंडनीति अशा चार विद्या कौटिल्यानें मानल्या. मानवांनीं तीन, बार्हस्पत्यांनीं दोन आणि औशनसांनीं एकटी दंडनीति मानली, हें तोच नमूद करतो. मुंबई विद्यापीठानें १९६० पासून प्रसिद्ध केलेली रा. प. कंगले यांची संशोधित आवृत्ति ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं चौथें अधिकरण उघडावें. त्याचें नांव कंटकशोधन. चोर, लबाड कारागीर, गुप्त उपजीविका करणारे यांचा बंदोबस्त त्यांत आहे. आणि त्याच अधिकरणांत दैवी अशा आठ महाभयांचा प्रतिकारहि सांगितला आहे. अग्नि, उदक, व्याधि, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र श्वापदें, सर्प आणि राक्षस. यांतील राक्षस वगळले तर यादी आजहि कचेरींत टांगण्याजोगी आहे. पावसाळ्यांत नदीकांठच्या गांवांनीं पुराची जागा सोडून राहावें, फळ्या, बांबू व नावा जवळ बाळगाव्या, अशी व्यवस्था तेथें आहे. बुडत्याच्या मदतीस जो जाणार नाहीं त्यास १२ पण दंड; ज्याच्यापाशीं तरण्याचें साधन नाहीं तो मात्र सुटला. घातपात आणि पूर एकाच माणसाच्या चिंतेचे विषय आहेत हें त्या काळीं गृहीतच होतें.

अमेरिकेंतहि हें ज्ञान अगदींच नवें नव्हतें. ६ डिसेंबर १९१७ रोजीं कॅनडांतील हॅलिफॅक्सच्या बंदरांत दारूगोळ्यानें भरलेलें जहाज दुसऱ्या जहाजास धडकून पेटलें आणि त्याच्या स्फोटानें शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. सुमारें दोन हजार माणसें दगावलीं. त्या शहरांतील धर्मोपदेशक सॅम्युएल प्रिन्स यांनीं त्या आपत्तीनंतर समाज कसा बदलला याचा अभ्यास करून कोलंबिया विद्यापीठास प्रबंध सादर केला. तो १९२० सालीं प्रसिद्ध झाला. १९६३ सालीं ओहायो येथें आपत्तींच्या अभ्यासाचें केंद्र स्थापन झालें. तें पुढें डेलावेअर विद्यापीठांत गेलें. तेथील क्वारंटेली प्रभृति समाजशास्त्रज्ञांनीं गांवोगांव जाऊन एक गोष्ट दाखवून दिली. संकटांत माणसें सहसा सैरावैरा होत नाहींत, आणि बहुतेकांचे प्राण वांचवितात ते शेजारीपाजारीच. सरकारी पथक मागून येतें. कौटिल्याचा १२ पणांचा दंड आठवावा. नवें शास्त्र या वडील भावंडाच्या घरांत शिरलें, पण पुष्कळ दिवस त्यानें त्यास ओळख दिली नाहीं.

संबंधाचा प्रश्न लवकर आटोपतां येतो: पाठ्यपुस्तक आणि खात्याचें काम यांत अंतर थोडें आहे, व तोच त्याचा गुण आणि तोच दोष. प्रयोजनापाशीं मात्र आम्हांस खरी शंका येते. विषय सरकारच्या द्रव्यावर वाढला; विद्यार्थी सरकारचे नोकर; पदवीधरांना ठेवून घेणारेंहि प्रामुख्यानें सरकारच. अशा शास्त्रास राजास न रुचणारें सांगतां येईल काय? २०११ सालीं जॉन म्यूलर व मार्क स्टुअर्ट यांनीं एका ग्रंथांत हिशेब मांडला कीं ११ सप्टेंबरनंतरच्या दहा वर्षांत देशांतर्गत रक्षणाचा वाढीव खर्च एक लक्ष कोटी डॉलरांवर गेला, व त्याच्या मानानें टळलेली हानि फार थोडी. हिशेब कोणास पटो वा न पटो. पण त्यांतील एक राज्यशास्त्राचा अध्यापक आणि दुसरा ऑस्ट्रेलियांतील स्थापत्य-अभियंता आहे. म्हणजे परीक्षा बाहेरच्यांनीं घेतली. पुढें २०२० सालीं महामारी आली आणि अमेरिकेंत दहा लक्षांहून अधिक बळी गेले. तेव्हां गरज पडली ती साथरोगांच्या तज्ज्ञांची, संख्याशास्त्रज्ञांची, लस तयार करणाऱ्यांची. कौटिल्याच्या यादींत व्याधि तिसरा आहे.

राहिला अधिकारी. वीस वर्षें आगी विझविलेल्या माणसानें चाळिशींत या वर्गांत बसावें, यांत आम्हांस शहाणपणच दिसतें. त्याच्यापाशीं प्रश्न असतात, व तेथें त्याला विचार करावयास सवड मिळते. विशीच्या आंतील मुलाचें तसें नव्हे. शिवाय आपल्या घरांतील मुलांस एक व्यवहाराची अडचण आहे, ती माहितीपत्रकांत ठळक छापलेली नसते. अमेरिकेच्या संघ सरकारच्या नोकऱ्या बहुतांशीं तेथील नागरिकांसाठींच असतात, आणि मॉन्टेरेचा वर्ग तर तेथील सरकारी अधिकाऱ्यांकरितांच निघाला. घर गहाण टाकून मुलगा तिकडे धाडणाऱ्या वडिलांनीं ही गोष्ट आधीं विचारून घ्यावी, फी भरल्यानंतर नव्हे.

ज्यास या कामाची खरी ओढ आहे त्यास इकडेहि वाटा आहेत. गांधीनगरचें रक्षाशक्ति विद्यापीठ २०२० च्या कायद्यानें राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ झालें. मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेंत आपत्तींच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्या प्रांतानें पाहिला, त्यास तो विषय परका नाहीं. तरी पहिली पदवी स्थापत्याची, वैद्यकाची, संख्याशास्त्राची, कायद्याची अथवा एखाद्या शेजारी देशाच्या भाषेची घ्यावी, असें आम्ही सांगूं. आणि पुढें कोणत्याहि कॉलेजाचें या विषयाचें पत्रक हातीं आलें, तर शिकविणारा पूर्वीं कोणत्या आगींत, पुरांत किंवा रुग्णालयांत उभा राहिला होता, तेवढें पत्र पाठवून विचारावें.