झाडांना मत नसतं, बॉस!

आमच्या जठारपेठेत मे महिन्यात दुसरा विषयच नसतो. ऊन! पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की कूलरसुद्धा हात टेकतो. यंदा घरी गेलो तेव्हा कट्ट्यावरचा एक दोस्त वैतागून म्हणाला, “किती दिवस नुसतं ‘झाडं लावा, झाडं लावा’ करायचं? आपणच एक पार्टी काढू ना बे! पर्यावरणवाल्यांची!”

आयडिया एकदम कूल. प्रॉब्लेम एवढाच, की हा पिक्चर गोव्यात येऊन गेलाय. इंटरव्हलपर्यंत हाउसफुल्ल. नंतर थेटर रिकामं.

तर फ्लॅशबॅक. ऑगस्ट २००६. गोवा सरकारनं ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लागू केला. प्रादेशिक आराखडा म्हणजे कुठली जमीन शेतीची, कुठली जंगलाची आणि कुठे इमारती होणार हे ठरवणारा नकाशा. नकाशातला रंग बदलला, की जमिनीचा भाव बदलतो. डोंगर आणि शेतं बांधकामाला मोकळी होताहेत हे कळल्यावर लोक भडकले. डिसेंबरमध्ये ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं. निमंत्रक होते डॉ. ऑस्कर रिबेलो, पेशानं डॉक्टर. पणजीच्या आझाद मैदानावर गर्दी जमली आणि जानेवारी २००७ संपायच्या आत सरकारनं आराखडाच मागे घेतला. टोटल धमाल! नुसत्या लोकांच्या जोरावर.

निवडणूक तोंडावर होती. अभियान पक्षांपासून लांब राहिलं. पण ‘गोवा वाचवा’ हे शब्द आता प्रत्येकाच्या तोंडी होते. दक्षिण गोव्याचे काँग्रेस खासदार चर्चिल आलेमाव यांनी पक्ष सोडला आणि नवा पक्ष काढला. नाव? ‘सेव्ह गोवा फ्रंट’!

जूनमध्ये निकाल लागले. ४० पैकी २ जागा. नावेलीतून स्वतः चर्चिल, कुडतरीतून आलेक्स रेजिनाल्ड लॉरेन्स. दोन आमदार म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण काँग्रेसला १६ आणि भाजपला १४ जागा होत्या. बहुमत कुणालाच नव्हतं. अशा वेळी दोनाचा भाव वीस होतो. फ्रंटनं दिगंबर कामत सरकारला पाठिंबा दिला, जुलैमध्ये काढून घेतला, मग पुन्हा जुळवून घेतलं. पुढे पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि चर्चिल मंत्री झाले. २०१२ मध्ये नावेलीनं त्यांनाही घरी पाठवलं. दी एण्ड.

गंमत पुढेच आहे. हे सगळं सुरू असताना रस्त्यावरचे लोक जिंकतच होते. २००७ संपता संपता सरकारला विशेष आर्थिक क्षेत्रं म्हणजे ‘सेझ’ रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं. तेही आंदोलनामुळेच.

मग प्रामाणिक लोकांनी पक्ष काढला तर? तोही प्रयोग झालाय. न्यूझीलंडमध्ये १९७२ साली ‘व्हॅल्यूज पार्टी’ निघाली. देशपातळीवरचा जगातला पहिला ग्रीन पक्ष म्हणून तिचं नाव घेतात. १९७५ च्या निवडणुकीत तिला पाच टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. जागा? शून्य! कारण तिथे तेव्हा आपल्यासारखीच पद्धत होती. मतदारसंघात पहिला येईल तो आमदार, बाकीच्यांची मतं पाण्यात. पक्ष विरत गेला आणि १९९० मध्ये नव्या ग्रीन पार्टीत मिसळला. पुढे मतांच्या प्रमाणात जागा मिळायला लागल्या, तेव्हा कुठे ग्रीन लोक संसदेत स्थिरावले.

म्हणजे फंडा सिंपल आहे. ‘हे नको’ म्हणायला गर्दी पुरते. ‘हे हवं’ म्हणायला बजेट लागतं, आणि बजेट निवडून आलेल्यांच्या हातात असतं. अकोल्याची मोर्णा आठवा. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर नदीत उतरले, जलकुंभी उपटली, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये कौतुक केलं. अभिमान वाटला, आजही वाटतो. पण शहराचं सांडपाणी नदीत येत राहिलं तर जलकुंभी पुन्हा फोफावते. तिला तेच तर हवं असतं! उपटणं हा एका दिवसाचा इव्हेंट झाला. सांडपाणी अडवून शुद्ध करणं हे वर्षानुवर्षांचं काम, आणि ते महापालिकेत ठरतं.

त्यामुळे दोस्ताला मी सांगितलं, पार्टी राहू दे, प्रश्न तयार ठेव. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला, की ‘पर्यावरणाबद्दल काय वाटतं’ असलं गुळगुळीत विचारू नका. सगळ्यांना छानच वाटतं. विचारा: आमच्या प्रभागाची गटार कुठे जाऊन मिळते? ती अडवायला पैसे किती आणि कधी? उत्तर लिहून घ्या, सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि वर्षानं पुन्हा विचारा. दहा पक्षांना एकच प्रश्न छळतोय म्हटल्यावर वेगळ्या पक्षाची गरज उरत नाही.

आणि कुणी ‘सेव्ह अकोला’ नावाची पार्टी काढलीच, तर? हाच प्रश्न त्यांनाही विचारा. नावावर जाऊ नका, बॉस!